पेन्सिलीचा ठिपका

जेवणं आटोपली, भरताचं पातेलं घासायला गेलं, तरी तो फॉर्म टेबलावर तसाच पडून होता. पंख्यानं उडू नये म्हणून मोनालीनं त्यावर पाण्याचा गिलास ठेवला होता आणि गिलासाचं ओलं वळं नेमकं 'पालकाची सही' या शब्दांवर उमटलं होतं. आज दादाजींना पंचाहत्तरावं लागलं, म्हणून तर सगळे त्यांच्या इंदोऱ्याच्या घरी जमले होते. पण केक कापतानासुद्धा जो तो त्या कागदाकडेच चोरून बघत होता.

दादाजी म्हणजे प्रेमिलाबाईंचे यजमान. आईबापांनी नावच दादाजी ठेवलेलं, त्यामुळे अजनीच्या रेल्वे लोकोशेडमध्ये लागले त्या दिवसापासून ते सगळ्या जगाचे दादाजी झाले होते. फक्त नात त्यांना आबा म्हणे, आणि फॉर्म त्या नातीचाच होता. नूपुर तेरा वर्षांची, आठवीत. तिच्या शाळेनं दिवाळीनंतर वर्गाची वाटणी काढली होती. एक 'प्रगत' तुकडी, एक 'पायाभूत'. पायाभूतवाल्यांना बीजगणित नाही, पेपर वेगळा आणि सोपा, आणि एकदा तिकडे गेलं की दहावीपर्यंत परत येणं नाही. नूपुरचं नाव पायाभूतमध्ये निघालं होतं. पालकांची संमती उद्या सकाळी प्रार्थनेच्या आधी पोचायला हवी होती.

सहीच्या वर तीन रेघा होत्या, पालकांच्या मतासाठी. त्या रेघांवरून सकाळपासून घरात महाभारत चाललं होतं.

"रोज डोकं दुखते म्हणते जी ती," नूपुरची आई मोनाली सासूला सांगत होती. "गणिताचं पुस्तक काढलं का पोटात कळ. कशाले छळायचं लेकराले? सही करून टाकू अन् मोकळं होऊ."

"माझी पोरगी पायाभूतमध्ये?" तिचा नवरा प्रशिक ताडकन म्हणाला. "मी इंजिनिअर माणूस. लोक काय म्हणतीन?"

"लोक विचारून राहिले का तुले?" भावना स्वयंपाकघराच्या दारातून बोलली. ती प्रशिकची मोठी बहीण, खामल्यात शिकणाऱ्या पोरांसाठी मेस चालवते. "लेकरू रडून राहिलं अन् तुले लोकांची पडली."

"ताई, तू यात नको पडू."

"काहून नको पडू? चाळीस पोट्टे जेवतात माझ्याकडे. परीक्षेच्या दिवशी कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही, ते मीच पाहते."

मागच्या वर्षी वरचा मजला कोणाचा या भांडणानंतर याच भावनानं आणि मोनालीनं आठ महिने एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. आज दोघी एका बाजूला! प्रेमिलाबाईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण प्रशिक एकटा पडलेला त्यांना बघवत नव्हता, आणि त्यांचं स्वतःचं मत मात्र मोनालीकडे झुकत होतं. कसा मेळ घालावा?

शेवटी प्रशिकच म्हणाला, "जाऊ द्या. आई लिहील ते फायनल. आईनं पोरगं ओळखलं अन् चुकलं, असं कधी झालं का?"

झालं! सगळ्यांच्या माना प्रेमिलाबाईंकडे वळल्या.

प्रेमिलाबाईंनी मनपाच्या शाळेत चौतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला होता. त्यांचा अंदाज म्हणजे निकालच, असं शिक्षकांच्या खोलीत म्हणत. वर्ग सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात त्या हजेरीत काही नावांपुढे पेन्सिलीनं बारीक ठिपका देत. ठिपकेवाली पोरं फळ्यापर्यंत यायची, स्कॉलरशिपला बसायची. बाकीच्यांना त्या माया लावत, सोपं सोपं विचारत, चारचौघांत कधी लाजवत नसत. ठिपका पेन्सिलीनंच का, तर पुढे अंदाज चुकला तर खोडता यावा म्हणून. पण चौतीस वर्षांत खोडरबर वापरायची पाळी आली नाही, याचा त्यांना फार अभिमान होता.

"नूपुर, ये बेटा," त्यांनी हाक मारली. "बस माझ्याजवळ. घाबरू नको, सोपंच देते. एक्समध्ये पाच मिळवले तर बारा झाले. एक्स किती?"

नूपुरनं मांडीवरच्या वहीकडे पाहिलंच नाही. ती आजीच्या तोंडाकडे बघत होती.

"सतरा?"

"असं कसं बेटा?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "बरं, राहू दे. त्याहून सोपं देते. सात अन् पाच किती?"

पोरीचे कान लालभडक झाले. तिनं 'बारा' म्हटलं की नाही, कोणालाच ऐकू आलं नाही.

"शाबास! जा, खेळ जा आता."

तेरा वर्षांची पोरगी कुठे खेळणार! ती वही-पुस्तक पोटाशी धरून व्हरांड्यात आबांकडे गेली. प्रेमिलाबाईंनी पेन घेतलं. डोळे भरून आले होते, तरी अक्षर बाईंचंच, वळणदार. 'मुलीची कुवत बेताची असून तिच्यावर' इतकं त्यांनी लिहिलं. पुढे 'ताण' लिहावं की 'बोजा', म्हणून त्या क्षणभर थांबल्या, तोच व्हरांड्यातून दादाजींचा आवाज आला. दादाजींना कमी ऐकू येई, म्हणून ते घरच्या घरीही मोर्चात बोलल्यासारखे बोलत.

"थांब वं, थांब! बाप पोराच्या तिप्पट वयाचा होता ना? अन् बारा वर्षांनी दुप्पट झाला? म्हणजे बाप लहान होऊन राहिला का?"

नूपुर खळखळून हसली. "बाप लहान नाही होत, आबा. पोरगं मोठं होते."

"असं होय! मग वय कसं काढाचं?"

प्रेमिलाबाई उठल्या आणि पडद्याआड जाऊन उभ्या राहिल्या. दिवाणावर दादाजी संत्रं सोलत बसले होते आणि नूपुर वही मांडीवर घेऊन त्यांना शिकवत होती.

"पोराचं वय एक्स धरू."

"धर."

"मग बापाचं तीन एक्स."

"तीन काहून?"

"तिप्पट ना, आबा!"

"हाव, हाव. पुढं? हळू सांग, मी काही तुझ्यासारखा शिकलेला नाही."

पुढे तिचं अडलं. बारा कुठे मिळवायचे ते सुचेना. तिनं एकदा लिहिलं, खोडलं, पेन्सिल दातात धरली. प्रेमिलाबाईंच्या ओठांवर उत्तर येऊन बसलं होतं, त्यांनी ते कसंबसं आवरलं. दादाजी मात्र निवांत. त्यांना उत्तर ठाऊकच नव्हतं, तर घाई कशाची? त्यांनी एक फोड खाल्ली, बिया तळहातावर काढल्या, दुसरी फोड खाल्ली.

"दोन्हीकडे!" नूपुर एकदम ओरडली. "दोघंही बारा वर्षांनी मोठे होतात ना, आबा! इकडे बारा, अन् तिकडे बारा!" मग पेन्सिल सरसर चालली. "पोरगं बारा वर्षांचं. बाप छत्तीसचा."

दादाजींनी बोटांवर मोजलं. बारा वर्षांनी पोरगं चोवीस, बाप अठ्ठेचाळीस. "अरे बापा, दुप्पट झाला की! मले बापजन्मात नाही समजलं हे!"

प्रेमिलाबाई पडद्याला धरून उभ्या होत्या. हिला येतं? मग आत्ता मला का नाही सांगितलं? एक्स आणि पाच येत नाही आणि हे येतं? असं कुठे असतं का? त्यांनी नूपुरला हाताला धरून आत आणलं आणि सगळ्यांसमोर बसवलं.

"हेच गणित यांनाही करून दाखव, बेटा. बाप तिप्पट, बारा वर्षांनी दुप्पट."

नूपुरनं बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग आजीकडे. प्रशिकनं हाताची घडी घातली. मोनालीच्या चेहऱ्यावर आधीच कीव दाटून आली.

"बरं, सुरुवात मी करून देऊ का?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "पोराचं वय..."

"मले नाही येत," नूपुर पुटपुटली.

"पाहा!" प्रशिक उसळला. "मघाशी पाठ केलेलं म्हटलं असन."

"आबांनीच सांगितलं असेल," मोनाली म्हणाली.

"मी?" दादाजी दारात येऊन उभे राहिले होते. "मले मॅट्रिकले गणितात बावीस मार्क होते, सूनबाई! मी तं तिच्यापासून शिकून राहिलो होतो."

आता मात्र घरात एकच गोंधळ झाला. प्रशिक म्हणे, येतं तर सहीचा प्रश्नच नाही. मोनाली म्हणे, आत्ता आलं नाही ते दिसलं नाही का तुम्हाला? दादाजी पुन्हा पुन्हा बाप छत्तीसचा असल्याचं पटवून देत होते. आणि नूपुर मधोमध बसून अंगठ्याचं नख खात होती. प्रेमिलाबाईंना तर काहीच कळेना. पोरगी तीच, गणित तेच, दहा मिनिटंही उलटली नव्हती.

"आई," भावना म्हणाली. ती दाराच्या चौकटीला टेकून केव्हाची उभी होती. "तू तिले किती वेळ दिला?"

"दिला की."

"मी पाहिलं ना. तीन सेकंद. पोरीनं श्वास घेतला नाही, तं तू 'बरं, राहू दे' म्हटलं. आताही तेच. बाबांचं अर्धं संत्रं खाऊन झालं तोवर ते गप्प होते."

"अगं, तिचं अडू नये म्हणून मी..." प्रेमिलाबाई चिडल्या. "मायेपोटी सोपं दिलं मी! चौतीस वर्षं शिकवलं, मले आता तू शिकवशील?"

"माहीत आहे. मलेही तू सोपंच देत होती."

"तुझं काय इथं?"

"माझ्यापुढं ठिपका नव्हता ना."

प्रेमिलाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. हजेरीतल्या ठिपक्यांबद्दल त्यांनी आजवर घरात चकार शब्द काढला नव्हता.

"तुले काय माहीत ठिपका?"

"सगळ्या वर्गाले माहीत होता, आई. तू हजेरी घ्यायची, तं काही नावांवर तुझा आवाज बदले. पोट्टे मोजत बसत. अन् मी तं तुझ्याच घरी राहत होती."

भावना आत येऊन खुर्चीवर बसली. मेसच्या तव्यावर चटके बसलेले हात तिनं मांडीवर ठेवले. "आज नाही तं कधीच सांगणं होणार नाही," ती म्हणाली. "चौथीत मी तुझ्याच वर्गात होती, तं दिवाळीच्या सुट्टीत तू हजेरी घरी आणली होती. बेरजा करायले. तू आंघोळीले गेली, तं मी उघडून पाहिली. माझ्या नावापुढं काही नव्हतं. मग मी दिला."

"काय दिला?"

"ठिपका. माझ्या पेन्सिलीनं. बारीक, तुझ्यासारखाच."

प्रेमिलाबाईंना तो हजेरीपट डोळ्यांपुढे दिसला, हिरव्या पुठ्ठ्याचा. सुट्टीनंतरची पहिली हजेरी. त्यांनी ठिपका पाहिला होता! पाहिला, आणि आपणच दिला असेल असं समजून पुढचं नाव घेतलं होतं. त्या आठवड्यात त्यांनी भावनाला फळ्यापाशी बोलावलं. तिचं चुकलं, तर खडू परत घेतला नाही, नीट विचार कर म्हणून थांबल्या. मग ती करू लागली. फेब्रुवारीत तिला स्कॉलरशिपला बसवलं आणि ती पास झाली. सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटले होते. 'पोरगी सुधारली,' असं त्याच सांगत फिरल्या होत्या.

"मग पाचवीपासून काय झालं?" मोनालीनं हळूच विचारलं.

"दुसरी शाळा, दुसऱ्या बाई. तिथली हजेरी आमच्या घरी येत नव्हती," भावना हसली, पण हसू टिकलं नाही. "इथं मात्र सगळे म्हणत आले, चौथीत चमकली अन् मग आळशी निघाली. तू पण म्हणत होती, आई. पाहुण्यांसमोर."

प्रेमिलाबाईंना आठवलं. म्हणत होत्या. अगदी मागच्या दिवाळीतसुद्धा म्हणाल्या होत्या.

"म्हणजे ताई," प्रशिक चाचरत म्हणाला, "तू हुशार होती, का नव्हती?"

"तेच तं मले माहीत नाही गा!" भावनाचा आवाज एकदम चढला. "चव्वेचाळीस वर्षांची झाली मी. अजून समजलं नाही. मी हुशार होती, म्हणून पास झाली, का ठिपक्यानं पास झाली? खोटा होता ना तो? मग मार्क खरे कसे आले? सांग ना, आई. तू तं बाई होती."

 चौतीस वर्षं प्रश्न प्रेमिलाबाईंनी विचारले होते आणि उत्तर नेहमी त्यांच्यापाशी असे. आज शोधूनही सापडेना.

"अन् माझा?" प्रशिकनं विचारलं. एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान झाला होता. "मी दोन वर्षं मागं होतो. माझा तं तूच दिला होता ना, आई? काहून दिला होता?"

काय सांगावं? पोराचं अक्षर चांगलं होतं. डबा नीट खायचा. त्याचं कपाळ त्यांच्या वारलेल्या भावासारखं रुंद होतं. यापलीकडे प्रेमिलाबाईंना काही आठवेना. दर वर्षी अठ्ठेचाळीस नावं, त्यांतली बारा-तेरा ठिपक्यांची. बाकीच्या पस्तीस जणांना त्यांनी लाजवलं नाही, रागावलं नाही, आणि बहुतेक विचारलंही नाही. ती पोरं आता कुठे असतील? एकही ठिपका खोडावा लागला नाही, याचा त्यांना केवढा गर्व होता. एखादा नवा द्यावा, हेही चौतीस वर्षांत एकदा सुचलं नव्हतं. त्या टेबलाचा काठ धरून खुर्चीत बसल्या.

"मले नाही माहीत," त्या म्हणाल्या. "भावना, मले खरंच नाही माहीत."

दादाजींनी उरलेलं संत्रं त्यांच्यापुढे ठेवलं.

प्रशिक म्हणाला, "मग आई, फॉर्मवर काय लिहायचं?"

प्रेमिलाबाईंनी कागद ओढून घेतला. 'मुलीची कुवत बेताची असून तिच्यावर' हे शब्द पेनानं लिहिलेले, खोडायची सोय नव्हती. त्यांनी त्यावर एक आडवी रेघ मारली, मग आणखी एक.

"सही नको करू," त्या म्हणाल्या. "उद्या मी येते शाळेत तुझ्यासोबत. सांगीन, आजीले अजून समजलं नाही म्हणून."

"अन् त्यांनी ऐकलं नाही तं?" मोनालीनं विचारलं. "पुन्हा पोरगी रोज रडीन, आई."

"रडीन कदाचित. तेही मले माहीत नाही, बाई."

मोनालीचं समाधान झालं नाही, तिच्या तोंडावरून ते दिसतच होतं. पण तिनं गिलास उचलला आणि पदरानं टेबल पुसलं.

प्रेमिलाबाईंनी नूपुरचं पुस्तक मागितलं, न पाहता एक पान उघडलं आणि एक गणित वाचलं. "दोन अंकी संख्या आहे. अंकांची बेरीज नऊ. अंकांची अदलाबदल केली, तं संख्या पंचेचाळीसनं वाढते. संख्या कोणती?" मग त्यांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि डबीत ठेवला.

नूपुर त्यांच्या तोंडाकडे बघू लागली. सवयच ती. बघते तर आजीचे डोळे भलतीकडेच लागलेले.

"आजी, तुले दिसून राहिलं का?"

"नाही. चष्म्याबिगर मले तुझी वहीही दिसत नाही अन् तुझं तोंडही."

"उत्तर माहीत आहे का?"

"नाही बापा. तू सांगशील तेव्हा कळेल."

नूपुर थोडा वेळ तशीच बसली. मग तिनं वही उघडली. पेन्सिल चालली, थांबली, पुन्हा चालली. खोडरबर घासल्याचा आवाज आला. प्रशिक पुढे झुकला, तशी मोनालीनं त्याचा शर्ट धरून मागे ओढला. प्रेमिलाबाईंच्या जिभेवर 'बरं, राहू दे' दोनदा आलं. ते आत ठेवायला किती जड जातं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं आणि पोरगी बोलत नव्हती.

"कोणी सांगू नका हं," नूपुर मान खाली घालूनच म्हणाली.

तेवढ्यात प्रेमिलाबाईंना बाजूनं एक बारीक पुटपुट ऐकू आली. चष्मा नव्हता, तरी समोरच्या खुर्चीतली धूसर आकृती ओळखता येत होती. भावना खाली बघून टेबलावर बोटानं काही लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती. तिचे ओठ हलत होते.

"भावना," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "तुझं किती आलं?"

बोट जागच्या जागी थांबलं. आईनं प्रश्न विचारून किती वर्षं झाली होती, कोण मोजणार?

"थांब ना, आई," भावना म्हणाली. "करून राहिली मी."

प्रेमिलाबाई थांबल्या.